ज्वारीच्या मुलुखांतील पेयें व गव्हाचा विकार

मनुष्य काय खातो याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. तो काय पितो याकडे मात्र अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें थोडेंच गेलें आहे. अन्न डोळ्यांना दिसतें, हातांत येतें, दांतांखालीं येतें. त्यामुळें त्याची पारख सहज होते. पेयाचें तसें नाहीं. पेल्यांत ओतलेली वस्तु मूळ कोणत्या धान्याची, तें धान्य कोठें दळलें गेलें, त्यांत मागाहून काय मिसळलें, हें घोट घेतल्यानें कळत नाहीं. निरोगी माणसाचें या अज्ञानानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्याला चिमूटभर कणीकहि बाधते त्याची गोष्ट निराळी आहे. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत, म्हणजे शतकानुशतकें ज्वारीवर जगलेल्या मुलुखांत, अशा माणसानें काय प्यावें व काय टाळावें, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा दिसतो. पण त्याचें उत्तर बऱ्याच अंशीं इतिहासांत सांपडतें, असें आमचें मत आहे. तें या लेखांत मांडण्याचा विचार आहे.

प्रथम विकाराची ओळख करून देणें अवश्य आहे. त्यास सीलिॲक विकार असें म्हणतात. गहूं, सातू (म्हणजेच जव) आणि राय या तीन धान्यांत ग्लूटेन नांवाचें एक चिवट प्रथिन असतें. राय हें थंड देशांतील धान्य आहे. आपल्या फोडणींतील राई ती नव्हे. कणकेचा गोळा पाण्याखालीं धरून मळत राहिलें म्हणजे पांढरें पिष्ट वाहून जातें आणि रबरासारखा जो लगदा हातांत उरतो, तो बहुतेक ग्लूटेनच होय. पोळी लाटतां येते आणि पाव फुगतो, तो त्याच्याच बळावर. कांहीं माणसांच्या शरीराचें जन्मतःच असें वळण असतें कीं, ग्लूटेन आंतड्यांत पोंचलें म्हणजे शरीराची संरक्षक शक्ति आपल्याच आंतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचें काम त्यांचें. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. मूल वाढत नाहीं, त्याचें पोट फुगतें, जुलाब थांबत नाहींत. मोठ्या माणसांत पुष्कळदां नुसता पंडुरोग दिसतो, आणि तो लोहाच्या गोळ्यांना दाद देत नाहीं. ग्लूटेन आयुष्यभर वर्ज्य करणें हाच या विकारावरचा उपाय आहे. तो नेमानें केला असतां झिजलेले अंकुर हळूहळू पुन्हां उगवतात.

हा उपाय सांपडण्यास मनुष्यजातीस फार काळ लागला, आणि त्या शोधाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. ग्रीक भाषेंत पोटास कोइलिया म्हणतात. त्यावरून आरीटिअस नांवाच्या प्राचीन ग्रीक वैद्यानें या जातीच्या रोग्यांचें वर्णन सुमारें अठरा-एकोणीस शतकांपूर्वीं करून ठेवलें. अर्वाचीन काळांत लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनीं १८८७ सालीं या विकारावर व्याख्यान दिलें व १८८८ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. रोगी बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेंच होईल, हें मर्म त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. परंतु कोणता आहार? गी यांनीं तांदूळ व साबुदाणा हे रोग्यास अयोग्य ठरविले, आणि त्यांच्यापेक्षां माल्ट केलेलीं अन्नें व दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजलेला पातळ पाव बरा म्हणून सांगितलें! आज आपण नेमकें याच्या उलट सांगतों. एवढा चतुर निरीक्षक, पण दोषी धान्य मोकळें सुटलें आणि निर्दोष धान्यास शिक्षा झाली. पुढें १९२४ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर सिडनी हास यांनीं केळ्यांच्या पथ्यानें मुलें सुधारतात असें दाखविलें. तीं सुधारलीं हें खरें. पण यश केळ्याचें नव्हतें, त्या पथ्यांत पाव व गव्हाचे पदार्थ नव्हते याचें होतें.

खरें कारण उघडकीस आलें तें हॉलंडांत. हेग येथील मुलांच्या रुग्णालयांतील डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वींपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशांत भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. अशा वेळीं हीं आजारी मुलें अधिक खंगावयाचीं; पण त्यांची प्रकृति उलट सुधारली, आणि पाव परत येतांच तीं पुन्हां आजारी पडलीं. डिके यांचा प्रबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, आणि १९५२ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील संशोधकांनीं, गव्हाचें पिष्ट निराळें व ग्लूटेन निराळें करून तपासलें, तेव्हां दोष ग्लूटेनचा आहे हें निश्चित झालें. म्हणजे एका राष्ट्राच्या दुष्काळानें एका रोगाचें कारण दाखवून दिलें. मराठवाड्याच्या दुष्काळानें याच्या उलट प्रकार कसा केला, तें पुढें येईलच.

भारतांत हा विकार नाहीं अशी समजूत बरींच वर्षें होती. १९६६ सालीं उत्तर भारतांतील मुलांविषयींचा एक लेख ब्रिटिश मेडिकल जर्नल या पत्रांत आला आणि ती समजूत डळमळूं लागली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, उत्तरेंत प्रौढांमध्यें हा विकार शेंकडा १.२३ आहे, तर दक्षिणेंत शेंकडा ०.१०. विकारास अनुकूल अशी आनुवंशिक घडण दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणांत होती. फरक होता तो गव्हाचा: पाहणींतील उत्तरेचा माणूस दिवसास सुमारें ४५५ ग्रॅम गहूं खात होता, दक्षिणेचा सुमारें २५ ग्रॅम. गहूं जसजसा वाढेल तसतसा दडलेला विकार वर येण्याचा संभव वाढतो, असें अनुमान यावरून निघतें. मराठवाडा हा या दोन भागांच्या मध्यें आहे. त्याच्या भाकरीच्या टोपलींत पोळी केव्हां आली, आणि त्याच्या पेल्यांत गहूं व सातू केव्हां शिरले, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो.

या प्रांतांत सातू सर्वस्वीं परका होता असें मात्र कोणी समजूं नये. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून जें उत्खनन केलें त्यांत असें दिसून आलें कीं, सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं तेथील शेतकऱ्यांचें प्रमुख धान्य सातू होतें. वैदिक वाङ्मयांत यव आणि सक्तु हे शब्द येतात. यव म्हणजे जव, आणि तो भाजून दळलेलें पीठ तें सक्तु. आपला सातू हा शब्द त्याचाच वंशज. आयुर्वेदांत तें पीठ पाण्यांत घुसळून केलेल्या पेयास मंथ म्हटलें आहे, आणि यवागू या कांजीच्या नांवांतहि यव दिसतो, जरी ती पुढें तांदुळाचीहि होऊं लागली. काळाच्या ओघांत दख्खनच्या काळ्या जमिनींत ज्वारीनें ठाण मांडलें आणि सातू मागें पडला. धान्य गेलें, पण नांव राहिलें. आणि त्या नांवांतच आजच्या रोग्यास पहिला धोका आहे.

तो धोका असा. महाराष्ट्रांत सातूचें पीठ म्हणून जें गुळाच्या पाण्यांत किंवा दुधांत कालवून उन्हाळ्यांत घेतात, तें पुष्कळ घरीं गहूं व डाळें भाजून केलेलें असतें. क्वचित् त्यांत खरा सातूहि असतो. बिहारी लोक सत्तू म्हणतात तें बहुधा नुसत्या हरभऱ्याचें असतें, पण त्यांतहि कोठें कोठें जव मिसळतात. नांव एक आणि वस्तु तीन, असा हा घोटाळा आहे. शुद्ध हरभऱ्याचें पीठ निरोगी गिरणींत दळलेलें असेल तर चालेल. गव्हाचें व सातूचें मुळींच चालणार नाहीं. तापांत व लघवीच्या दुखण्यांत बार्लीचें पाणी देण्याची रीत इंग्रजांच्या काळापासून आपल्या घरांत रुजली आहे. बार्ली म्हणजे सातूच. तेव्हां जें पाणी इतर आजाऱ्यांस हलकें म्हणून देतात, तेंच या आजाऱ्यास वर्ज्य आहे, हें घरांतील वडील माणसांनीं ध्यानांत ठेवावें. कुरडयांच्या दिवसांत गव्हाचा चीक दुधांत कालवून पोरांना देतात, तोहि असाच. चिकांत पिष्ट अधिक असलें तरी घरगुती रीतीनें त्यांतील ग्लूटेन पुरतें निघून जात नाहीं.

आतां या मुलुखाच्या आपल्या पेयांकडे वळूं. लातूर हें फार जुनें गांव. राष्ट्रकूट राजे आपणांस लत्तलूरपुरवराधीश म्हणवीत, तें लत्तलूर हेंच. त्याच्या आग्नेयेस कल्याणीस चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथांत अन्नभोगाबरोबर पानीयभोगाचेंहि प्रकरण आहे; पाण्याचे प्रकार, तें शुद्ध व सुगंधित करण्याच्या रीति त्यांत सांगितल्या आहेत. राजाच्या घरीं पाण्याचा इतका थाट होता. कुणब्याच्या घरीं पाण्याखालोखाल मान ताकाचा आणि आंबिलीचा.

आंबील हा शब्द अम्ल, म्हणजे आंबट, याच्या कुळांतला. ज्वारीचें पीठ ताकांत किंवा पाण्यांत भिजवून आंबूं द्यावें, मग शिजवून त्यांत मीठ व आणखी ताक घालावें, अशी तिची साधी कृति. कोंकणांत व घाटाकडे ती नाचणीची होते, मराठवाड्यांत ज्वारीची. भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या नैवेद्यास ती लागते. पण तिचा खरा सण म्हणजे वेळा अमावस्या, जिला लोक येळवस म्हणतात. हेमंतांतल्या या अमावस्येस लातूर, धाराशिव व नांदेडकडील शेतकरी सहकुटुंब रानांत जातो. कडब्याची खोप उभारून तींत पांडव म्हणून पांच दगड मांडून त्यांची पूजा करतात. बाजरीचे उंडे, अनेक भाज्या व शेंगदाण्यांची भज्जी आणि मडक्यांतली गार आंबील, असा थाट असतो. वाटेनें जाणाऱ्यासहि हाक मारून आंबील पाजतात. शहरांतील रस्ते त्या दिवशीं ओस पडतात. या आंबिलींत ग्लूटेनचा लवलेश नाहीं. ज्वारीचें प्रथिन निराळ्या घडणीचें असून तें या रोग्यांस बाधत नाहीं, असें इटलींतील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतहि आढळलें. म्हणजे जगांतील श्रीमंत देशांत ग्लूटेनमुक्त म्हणून जें महाग दामानें विकलें जातें, तशा जातीचें पेय येथील शेतकरी कधींपासून मडक्यांत भरून रस्त्यावरच्या पांथस्थास फुकट पाजीत आला आहे.

पण त्याच पंगतींत गुळ घालून केलेली गव्हाची खीर असते. खिरीची पळी आंबिलींत गेली, किंवा एकाच हातानें दोन्ही वाढलीं गेलीं, कीं निर्दोष पेयास दोष लागला. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें, तसा हा प्रकार. सोबतीचा दोष हा या रोग्याचा दुसरा धोका होय, आणि तो ताकाच्या बाबतींत अधिक गुप्त रूपानें येतो. ताक स्वतः सर्वथा सुरक्षित आहे. त्यांत चिमूटभर हिंग पडलें कीं शंका उत्पन्न होते. हिंग हा इराण-अफगाणिस्तानाकडील एका झाडाच्या मुळाचा चीक. तो इतका उग्र कीं शुद्ध रूपांत कोणी वापरीत नाहीं. व्यापारी त्यांत डिंक व पीठ मिसळून त्याची पूड किंवा खडे करतात. त्यास बांधानी हिंग म्हणतात, आणि आपल्या कायद्यासहि तें मिश्रण मान्य आहे. तें पीठ पुष्कळदां गव्हाचें असतें, कधीं तांदुळाचें. मसाल्याचें ताक, कढी, फोडणी दिलेलें सार, जलजिरा, यांतून हें गव्हाचें पीठ पेल्यांत जातें. दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकहि फुंकून पितात म्हणून आपण हंसतों. या रोग्यानें मात्र ताक खरोखरीच फुंकून, म्हणजे मसाल्याची चौकशी करून प्यावें. जिरें, मीठ, आलें व कोथिंबीर घरचीं असलीं म्हणजे हिंगावांचून अडत नाहीं. हवेंच असेल तर तांदुळाच्या पिठाचें हिंग मिळतें. डबीवर तसें छापलें आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें.

तिसरा धोका गिरणीचा. जोंवर घरोघर जातें होतें, तोंवर ज्वारीच्या घरांत ज्वारीच दळली जाई. पुढें इंजिनाच्या व मग विजेच्या गिरण्या आल्या, आणि बायकांचे पहांटेचे कष्ट वांचले, ही मोठीच सोय झाली. परंतु गिरणीच्या दगडास कोणाचा गहूं आणि कोणाची ज्वारी हें कळत नाहीं. गव्हामागून ज्वारी टाकली कीं पहिल्या कांहीं शेरांत कणीक येतेच. आंबिलीचें पीठ, नाचणीचें सत्त्व, राजगिऱ्याचें पीठ, सर्वांस हा नियम लागू आहे. यास्तव अशा घरानें आपलें दळण घरच्या जात्यावर किंवा छोट्या घरगुती चक्कीवर करावें, आणि तींत गहूं कधींच घालूं नये.

येथवर घरची कथा झाली. बाजाराची पेयें या भागांत आलीं तीं आगगाडीबरोबर. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडावरून गेली. बार्शी लाईट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोंचली. चहा, बिस्किटें व डब्यांतील भुकट्या या वाटेनें आल्या. चहाच्या व्यापाऱ्यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भारतभर फुकट पेले पाजून लोकांस चटक लावली, हें प्रसिद्धच आहे. निजामी राज्यांत इराणी चहाच्या दुकानांनीं त्यास आणखी रंग चढविला. चहा, दूध व साखर या तिन्हींत ग्लूटेन नाहीं. तेव्हां साधा चहा सुरक्षित आहे. त्यांत बुडविलेलें उस्मानिया बिस्कीट मात्र मैद्याचें. आणि एकाच कपांतून दोघांनीं चहा घेण्याची जी आपली स्नेहाची चाल, तिनें त्या बिस्किटाचा चुरा दुसऱ्याच्या पोटांत जातो.

माल्टच्या भुकट्यांचा इतिहास याहून मनोरंजक आहे. जेम्स व विल्यम हॉर्लिक हे दोघे इंग्रज बंधु अमेरिकेंत जाऊन १८७३ पासून या धंद्यांत पडले, आणि १८८३ सालीं त्यांनीं माल्टयुक्त दुधाच्या भुकटीचें पेटंट घेतलें. अंकुरलेला सातू, गव्हाचें पीठ व दूध यांचें तें मिश्रण. मुलांना व अशक्तांना पचण्यास हलकें म्हणून त्याचा जगभर प्रसार झाला. गी यांच्या काळच्या वैद्यांस माल्ट हितकर वाटे, तें याच विचारसरणीनें. भारतांत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पंजाबांतील नाभा येथें त्याचा कारखाना निघाला, आणि शक्तिवर्धक म्हणून असल्या पेयांचे डबे खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोंचले. निरोगी मुलांस तें पेय निषिद्ध नाहीं. पण जें मूल वाढत नाहीं, ज्याच्या हातापायांच्या काड्या झाल्या आहेत, त्याच्याच पुढें आईबाप पोटास चिमटा घेऊन आणलेला असला पेला ठेवतात. आणि तें मूल या विकाराचें असेल तर औषध म्हणून दिलेली वस्तुच त्याचें अनहित करते. याहून करुण गैरसमज कोणता? नाचणीच्या माल्टची गोष्ट मात्र निराळी. माल्ट म्हणजे अंकुरवून वाळविलेलें धान्य. तें नाचणीचें असेल तर निर्दोष. तेव्हां नुसत्या माल्ट या शब्दास भिऊं नये, आणि त्यावर विश्वासहि ठेवूं नये. धान्याचें नांव विचारावें.

मद्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, शिफारस करण्यासाठीं नव्हे, तर लोक पितात म्हणून. बियर ही सातूची, कधीं गव्हाची, ती वर्ज्य. ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यांत प्रथिन वर चढत नाहीं, म्हणून धान्य कोणतेंहि असलें तरी ग्लूटेन मागें राहतें. मागाहून त्यांत दुसरें कांहीं मिसळलें असल्यास तें निराळें. निजामी राज्यांत अबकारीचें मोठें उत्पन्न ज्या शिंदी-ताडीवर होतें, ती झाडाच्या रसाची. किनवट-माहूरच्या रानांतली मोहाची दारू फुलांची. गव्हाचा दोष यांत नाहीं. पण अगोदरच जखमी झालेल्या आंतड्यास दारूनें सुख होणार नाहीं, हें सांगण्यास वैद्य नको.

आतां दुष्काळाची गोष्ट. १९७२ सालच्या दुष्काळानें मराठवाडा होरपळून निघाला. लक्षावधि माणसें खडी फोडावयास गेलीं; परदेशांतून लाल मिलो ज्वारी व गहूं आला, आणि कामावर सुकडी वांटली गेली. पुढें रेशनच्या दुकानांत गहूं कायमचा झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तो दोन रुपये किलो केला, आणि जानेवारी २०२३ पासून लाभार्थी कुटुंबांस धान्य फुकट मिळूं लागलें. महाराष्ट्रांत तें मुख्यतः गहूं व तांदूळ. या काळांत लातूरच्या रानांतून ज्वारी हटून सोयाबीन आलें, आणि लातूर त्याची मोठी पेठ बनली. या योजनेनें भुकेलेल्यांस अन्न दिलें, तिला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. पण तिचा एक परिणाम सांगितलाच पाहिजे. हॉलंडांत दुष्काळानें गहूं नेला आणि रोगी सुधारले. मराठवाड्यांत दुष्काळानें गहूं आणला, आणि तो राहिला. ज्या मुलुखांत गरिबाचें धान्य ज्वारी व श्रीमंताचें गहूं होतें, तेथें आज गहूं फुकट आणि ज्वारी विकत अशी उलट स्थिति झाली. सीलिॲकचा गरीब रोगी यांत सांपडला आहे. वैद्य त्यास ज्वारी खा, आंबील पी म्हणतो; आणि दुकानांतून घरीं येतो तो गहूं. परभणीच्या कृषि विद्यापीठानें परभणी मोती, परभणी शक्ति अशीं ज्वारीचीं उत्तम वाणें दिलीं आहेत. २०२३ हें वर्ष जगानें भरडधान्यांचें म्हणून पाळलें. अशा रोग्यांस वैद्याच्या दाखल्यावर गव्हाऐवजीं ज्वारी मिळण्याची सोय झाली, तर त्या उत्सवाचें खरें सार्थक होईल.

राहिला प्रश्न आतिथ्याचा. आणि रोग्यास सर्वांत जड जाणारा तोच आहे. आपल्याकडे पुढें केलेला पेला नाकारणें म्हणजे घर नाकारणें. ईदेच्या दिवशीं नांदेडच्या वा लातूरच्या मुसलमान मित्राच्या घरीं शीरखुर्म्याची वाटी येते. त्यांतील शेवया गव्हाच्या. सचखंड गुरुद्वाऱ्यांत कडाह प्रसाद ओंजळींत पडतो, तो कणकेचा. येळवशीस खीर असते. वाटी नको म्हणतांना जीव संकोचतो, यजमान रुसतो, आणि "एका घोटानें काय होतें?" हें वाक्य ऐकूं येतें. एका घोटानें होतें. लगेच दिसत नाहीं, एवढेंच. प्रसाद मस्तकास लावून सोबतच्या माणसास द्यावा. शीरखुर्म्याऐवजीं नुसतें दूध व खजूर मागावे. मागणारा मोकळेपणानें मागेल आणि देणारा मोकळेपणानें विचारील, तर दोघांचाहि मान राहतो. ही रीत पाडण्याचें काम रोग्याचें एकट्याचें नसून यजमानांचें अधिक आहे.

एकंदरींत पेयाच्या निवडीसाठीं तीन प्रश्न पुरे आहेत: त्याचें कूळ कोणतें, तें दळलें कोठें, आणि त्याची सोबत कोणाची. पाणी, दूध, साधें ताक, नारळाचें पाणी, लिंबाचें सरबत, गुळाचें पन्हें, रसवंतीवरचा उसाचा रस, बिस्किटावांचून चहा, कॉफी, तांदुळाची पेज, ज्वारीची व नाचणीची आंबील, हीं कुळानें शुद्ध आहेत. भांडें, गिरणी व मसाला यांची खातरजमा केली म्हणजे झालें. बार्लीचें पाणी, गव्हाचें वा सातूचें पीठ, गहूं-सातूचे माल्ट व बियर हीं कुळानेंच वर्ज्य. फालुदा, जलजिरा, मसाला ताक व बंद डब्यांतील भुकट्या यांची चौकशी करावी. किलोस २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसेल तरच ग्लूटेनमुक्त म्हणावें, ही मर्यादा आंतरराष्ट्रीय कोडेक्स मंडळानें २००८ सालीं ठरविली व आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेंहि ती स्वीकारली आहे. २०२० च्या नियमांप्रमाणें ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. तो वाचण्याची संवय लावून घ्यावी. मात्र केवळ संशयावरून गहूं सोडूं नये. गहूं सोडल्यावर रक्ताची परीक्षा खोटी पडूं शकते. आधीं परीक्षा, मग पथ्य, असा क्रम ठेवावा.

हा विकार या भागांत अजून थोड्यांस ठाऊक आहे, आणि गव्हाचें प्रमाण वाढत आहे. तेव्हां पुढील पिढींत अशीं मुलें अधिक दिसतील असा संभव आहे. त्यांच्यासाठीं परदेशी डबे आणण्याची आवश्यकता नाहीं. ज्वारी अजून रानांत आहे, मडकें अजून कुंभाराकडे आहे. आंबिलीचें एक भांडें व एक पळी निराळी ठेवणें आणि ज्वारीचें दळण गव्हापासून दूर राखणें, एवढें प्रत्येक घरास करतां येण्यासारखें आहे.